वजनाचं ऑपरेशन केलं, सगळ्यांना सांगितलं 'डाएट'. आता भाचीला खरं कसं सांगू?

शेवंती | २ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार. मी इथे खूप वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज लिहितेय कारण भाऊबीजेपासून झोप लागत नाहीये.

जुलै २०२३ मध्ये पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. यात दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग, थोडा जास्तच, कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी एक नळी शिल्लक ठेवतात. तेव्हा मी ४३ वर्षांची होते, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ११२ किलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्याआधीच्या वीस वर्षांत उपाय म्हणून जे कुणी सांगितलं ते सगळं केलं होतं. २०१६ मध्ये दोनच वेळा जेवून आणि रोज पहाटे चालून १४ किलो उतरवले, पुढच्या दीड वर्षात १९ चढले. रक्तदाबाची गोळी सुरू होती, गुडघे गेले होते, वर्गात फळ्याच्या तळाच्या ओळी लिहायला खाली वाकता येत नव्हतं.

तरी ऑपरेशनचं मनावर घेतलं नव्हतं. एकदा मुलगा म्हणाला, "आई, तू घोरता घोरता मध्येच थांबतेस. मग मी उठून बसतो, पुन्हा सुरू होईपर्यंत." तेरा वर्षांचं पोर रात्री माझा श्वास मोजत जागं राहत होतं. त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ पातळ पदार्थांवर होते. यकृतातली चरबी कमी झाली की त्यांना आत काम करायला जागा मिळते. पोटावर पाच छोटी भोकं. त्याच संध्याकाळी सलाईनच्या स्टँडला धरून कॉरिडॉरमध्ये चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते यंत्र दर तासाला. दुसऱ्या दिवशी नर्सने ३० मिली पाणी दिलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं झाकण असतं ना, तेवढ्यात. म्हणाली, पंधरा मिनिटांत संपवा, घाई नको. पहिला घोट कुठून कुठे चाललाय ते मला कळत होतं. बरगड्यांच्या मागे जाऊन थांबला, दुखल्यासारखं झालं, मग हळूच खाली सरकला. आयुष्यभर तांब्याने पाणी प्यायलेली बाई मी, त्या झाकणापुढे रडले.

आज माझं वजन ७६ आहे. रक्तदाबाची गोळी बंद झाली. रात्री शांत झोपते आणि मुलगाही झोपतो.

आता खरी गोष्ट. नवरा आणि बहीण सोडून हे कुणालाच माहीत नाही. सासरी, माहेरी, शाळेत सांगितलं की पित्ताशयातले खडे काढले. नंतर वजन उतरत गेलं तशी सगळी विचारू लागली, मी म्हणत राहिले, डाएट. या वर्षी ८ मार्चला केंद्रशाळेत 'जिद्द' या विषयावर माझं भाषण ठेवलं. बोलले मी. शाल आणि नारळ दिला. नारळ घरात वापरला गेला, शाल कपाटात तशीच आहे, घडीसुद्धा मोडली नाही.

भावाची मुलगी एकोणीस वर्षांची आहे, कोल्हापूरला शिकते, अंगाने थोडी भरलेली. भाऊबीजेला ओवाळायला माहेरी गेले, तर ही पोर ताट हातात घेऊन येता येता चौकटीतच कोसळली. निरांजन विझलं, तेल अंगावर सांडलं. शुद्धीवर आल्यावर कळलं, तीन महिने ती दोन्ही वेळेला अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण एवढंच खात होती. वहिनीला म्हणाली, "आत्या एवढंच खाते. आत्याला जमतं तर मला का नाही जमत?"

मला सांगा, मी काय करू? सांगायचं तर कुणाला, किती? भाऊ रागीट आहे. आणि दोन वर्षं जे लोक कौतुक करत होते त्यांना तोंड कसं दाखवू?

---

काजवा | २ नोव्हेंबर, रात्री १०:३२

ताई, आधी हे सांगा, पोर कशी आहे आता? डॉक्टरांना दाखवलं का?

---

नाशिककर_७१ | २ नोव्हेंबर, रात्री ११:०५

शेवंतीताई, तुमच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो.

माझा मिनी बायपास २०१६ चा. वजन १२८, त्याहून मोठं दुखणं साखरेचं. रोज ६० युनिट इन्सुलिन घेऊन सकाळची साखर दोनशेच्या खाली येत नव्हती. बायपासमध्ये जठराची लांबट पिशवी करतात आणि लहान आतडं बरंच पुढून आणून तिला जोडतात, त्यामुळे अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं. वजन उतरायच्या आधीच साखर उतरते ती यामुळे. चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा इन्सुलिन बंद होतं. बायको फ्रीजमधली पेनं बघत उभी राहिली, म्हणाली, ही टाकायची का ठेवायची?

पाच वर्षं औषधाशिवाय गेली. सहाव्या वर्षी साखर पुन्हा डोकावली, आता मेटफॉर्मिनची एक गोळी आहे. मधुमेह गेला असं मी कधीच म्हणत नाही, लांब गेला म्हणतो.

मीही ऑफिसात हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. फुटलं कसं ते ऐका. पुतण्याच्या लग्नात पंगतीत व्याह्यांनी आग्रह करून श्रीखंड वाढलं. नाही म्हणवेना, दोन मोठे चमचे खाल्ले. वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधार. याला डम्पिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरतं म्हणून होतं. लोकांना वाटलं हार्ट अटॅक. रुग्णवाहिका बोलावली, नवरामुलगा बाशिंग बांधून बाहेर धावत आला. त्या दिवशी मंडपातच सगळ्यांना सांगून टाकलं. आठ दिवस कुजबुज झाली आणि संपली. तुम्ही घाबरता तेवढं काही होत नाही.

---

पथ्यकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी आहारतज्ज्ञ आहे, ठाण्यात. अशा रुग्णांबरोबर बारा वर्षं काम करतेय.

ताई, आधी भाचीचं. हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइड आणि सोडियम-पोटॅशियम उद्याच तपासा. पाळी नियमित आहे का, केस गळताहेत का, तेही वहिनींना विचारायला सांगा. इतके दिवस उपाशी राहिल्यावर घरचे एकदम भरभरून खाऊ घालतात, तेही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवा.

आता तिला खरं का सांगायलाच हवं ते. तुमच्या जठराचा जो भाग काढला त्यात वरचा फुगीर भाग होता. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. म्हणजे तुम्ही अर्ध्या भाकरीवर उठता तेव्हा तुमचं शरीर 'पुरे' म्हणत असतं. त्या मुलीचं जठर अख्खं आहे, तिचं शरीर दिवसभर 'वाढ' म्हणून आक्रोश करत असणार. ते दाबण्यात तिने तीन महिने काढले आणि आपल्यातच इच्छाशक्ती कमी आहे असं समजत राहिली. शिवाय तुम्ही रोज प्रथिनांची पावडर, कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन घेता, बी १२ चं पाहता. ते तुम्ही कपाटाआड घेता, तिला कुठून दिसणार? तिला दिसली ती फक्त अर्धी भाकरी.

---

काजवा | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

'तिला दिसली ती फक्त अर्धी भाकरी.' पथ्यकरताई, हे वाचून थांबलेच.

---

सह्यभटक्या | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

कुणाला दुखवायचं नाही, पण माझं मत वेगळं आहे. निरोगी अवयव कापून फेकणं मला पटत नाही. मी स्वतः ९६ वरून ७४ वर आलो, चालून, डोंगर चढून, रात्रीचं जेवण सातच्या आत घेऊन. आठ वर्षं टिकवलंय. ११२ किलोच्या माणसालाही हे शक्य आहे. चार-पाच लाख खर्च करून जन्मभर गोळ्या घ्यायच्या, आणि ती नळी पुन्हा ताणली जात नाही का? ताईंनी खोटं बोलायला नको होतं हे तर उघडच आहे.

---

पथ्यकर | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

सह्यभटक्या, तुमचं खरंच कौतुक. पण ९६ वरून ७४ आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४५ वरून खाली येणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. वजन खूप वाढलेलं असलं की शरीर तेच वजन आपलं धरून बसतं. उपाशी राहिलात की भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. १४ उतरवून १९ चढल्याचं ताईंनी लिहिलंय, त्यात आळस कुठे आहे?

स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांवर लक्ष ठेवलं गेलं, निम्म्यांनी शस्त्रक्रिया केलेली, निम्म्यांनी नेहमीचे उपचार घेतलेले. २००७ मध्ये त्याचा अहवाल आला. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यू कमी होते.

नळी थोडी सैल पडते हे मात्र बरोबर आहे. वजन पुन्हा चढूही शकतं. ते लपवायचं कारण नाही.

---

पुन्हा_चढण | ३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

मग मीच सांगते. २०१४ ला स्लीव्ह, १२१ वरून ८०. कोविडच्या काळात घरी बसून १०२.

वाढलं कसं? पोळी-भाजी जास्त जात नव्हतीच. चिवडा जात होता. कॉफीबरोबर बिस्किटं जात होती. मऊ, कुरकुरीत, गोड, पातळ असं सगळं त्या नळीतून सरकन उतरतं. भाकरीचा घास अडतो आणि आइस्क्रीम अडत नाही, हे मला कुणी आधी नीट समजावलं नव्हतं. चौथ्या वर्षापासून तपासणीला जाणं सोडलं, कारण डॉक्टरांसमोर काट्यावर उभं राहायची लाज वाटायची. त्यातून आम्लपित्त इतकं वाढलं की तीन उशा लावून झोपत होते. स्लीव्हनंतर तसं होतं काहींना. शेवटी गेल्या वर्षी स्लीव्हचा बायपास करून घेतला. आता छातीतली जळजळ थांबली आहे, वजन ८८.

शेवंतीताई, माझं दुसरं ऑपरेशन मी सगळ्यांना सांगून केलं. पहिल्या वेळी लपवलं होतं, त्यामुळे वजन चढताना कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. 'डाएट' मोडलं असं सगळे म्हणत होते आणि मी ऐकून घेत होते.

---

सोबती | ३ नोव्हेंबर, रात्री ९:५५

हा धागा वाचून जे करायचं ठरवतील त्यांच्यासाठी नवऱ्याच्या बाजूने लिहितो.

बायकोची स्लीव्ह झाली, तिसऱ्या दिवशी घरी आलो, सगळं ठीक. नवव्या दिवशी ती म्हणाली, डावा खांदा दुखतोय. ताप अगदी थोडा. मी नाडी मोजली, १२८. बसल्या जागी १२८. रुग्णालयात फोन केला तर सांगितलं, पाणी कमी पडलं असेल, पाजत राहा, उद्या या. मी पाजत राहिलो. सकाळी नेलं तेव्हा सीटी स्कॅनमध्ये दिसलं, टाक्यांच्या रेषेच्या वरच्या टोकाला गळती होती. मी जे घोट घोट पाजलं त्यातलं काही पोटात बाहेर साठत होतं. हे मी अजून विसरलेलो नाही.

पाच आठवडे नळ्या लावून, नाकातून आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने अन्न देऊन ती बरी झाली. आज ठणठणीत आहे आणि तिला विचाराल तर ती म्हणेल पुन्हा करीन. शंभरात एखाद-दुसऱ्याला होणारी गोष्ट आहे. पण घरच्या माणसाने एवढं लक्षात ठेवा, पहिल्या महिन्यात नाडी १२० च्या वर राहिली तर ताप असो नसो, फोनवर समाधान मानू नका, थेट उचलून न्या.

आणि ताई, तुमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं, असं काही झालं असतं तर तुम्हाला कोण घेऊन गेलं असतं? नवरा गावाला गेला असता तर सासूबाई डॉक्टरांना 'खड्याचं ऑपरेशन' सांगत बसल्या असत्या. म्हणून तरी सांगा.

---

तन्वी२८ | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मला पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा त्रास) आहे, वजन १०४, लग्न ठरतंय. घरचे म्हणतात ऑपरेशन केलंस तर मूल होणार नाही. खरं का?

---

पथ्यकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

तन्वी, उलट वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता बरेचदा वाढते. फक्त ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते, त्या काळात वजन भराभर उतरत असतं, बाळाला काही पुरणार नाही. आणि बायपास असेल तर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण विसंबू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोल. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याला आधी सांग, हे मात्र माझं आग्रहाचं मत.

---

मीरा_लेस्टर | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

इथे इंग्लंडमध्ये माझी स्लीव्ह सरकारी आरोग्यसेवेतून झाली. एक पैसा लागला नाही, पण आधी वजन-व्यवस्थापनाच्या दवाखान्यात जावं लागलं, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, सगळ्यांच्या भेटी, आणि वाट पाहणं. आपल्या वंशाच्या लोकांना इथे बीएमआयची मर्यादा २.५ ने खाली धरतात, कारण आपल्याला कमी वजनावरच मधुमेह गाठतो. वाट बघून कंटाळलेले कित्येक जण तुर्कस्तानात जाऊन करून येतात आणि मग इथे पुढची तपासणी कोण करणार म्हणून हिंडतात.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला विचारलं होतं, "खाणं बंद झालं की तुम्ही वाईट वाटल्यावर काय करणार?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. आई गेली तेव्हा मी रोज रात्री तिच्या पद्धतीची खिचडी करून पातेल्यातूनच खात होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती खिचडी केली, चार चमच्यांत पोट भरलं, आणि तेव्हा कुठे आईसाठी रडू आलं.

---

काजवा | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

मीराताई. काही लिहवत नाही.

---

उंबरठा | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

थोडं विषयांतर. ऑपरेशननंतर पहिल्यांदा चवीने काय खाल्लंत? माझ्या नवऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे आणि तो आत्तापासून यादी करतोय.

---

नाशिककर_७१ | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

पहिले पंधरा दिवस पातळ. मुगाचं कढण गाळून, ताक, वरणाचं पाणी. मग मिक्सरमधून काढलेलं. महिन्याने पिठलं! एक पळीभर, ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात भिजवून. अर्धा तास लागला. आमच्या हिने समोर बसून घास मोजले.

---

पुन्हा_चढण | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ८:०५

माझं उकडीच्या मोदकाचं अर्धं कळीचं टोक. गणपती होते. सासूबाईंनी नैवेद्याचा उरलेला मोदक स्वतः खाल्ला, एका शब्दाने आग्रह केला नाही. उंबरठा, यजमानांना सांगा भात आणि मऊ पोळी उशिरा सुरू करा, पोळीचा गोळा होऊन अडकतो. आणि जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तासाने.

---

सह्यभटक्या | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सगळे प्रतिसाद वाचले. सोबती, तुमचा दोनदा वाचला. शस्त्रक्रियेबद्दल माझं मन अजून साशंक आहे, पण 'शक्य आहे' हे मी शेवंतीताईंना ज्या सुरात लिहिलं ते चुकलं. त्यांनी वीस वर्षं केलं ते मी आठ वर्षं करतोय. एक प्रश्न मात्र खरा आहे: आता वजन उतरवायची इंजेक्शनं आली आहेत ना? मग कापायचं कशाला?

---

पथ्यकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

आली आहेत. मौन्जारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. चांगली औषधं आहेत, वजन बऱ्यापैकी उतरतं. पण बंद केली की पुष्कळांचं परत चढतं, म्हणजे दीर्घकाळ घ्यायची तयारी हवी. महिन्याचा खर्च हजारांत जातो. खूप जास्त वजन असेल तर अजून तरी शस्त्रक्रियेचा परिणाम मोठा आणि टिकाऊ आहे. ज्यांचं वजन मधल्या टप्प्यात आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून आधी औषधाचा विचार करावा, हे मीही सांगते.

---

पॉलिसीकाका | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

खर्चाचा विषय निघालाय तर विम्याबद्दल. बरेच लोक समजतात की हे ऑपरेशन 'सौंदर्यासाठी' म्हणून विम्यात बसत नाही. तसं नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यानुसार वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत लठ्ठपणामुळे झालेला हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह असेल आणि साधे उपाय करून झाले असतील, तर 'लठ्ठपणा' म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र तपासा.

माझ्या मेहुणीचा कॅशलेस दावा दोनदा फेटाळला होता. झोपेच्या तपासणीचा अहवाल, तीन वर्षांपूर्वीच्या आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या जुन्या नोंदी जोडून पुन्हा पाठवला, मंजूर झाला. म्हणून एकही चिठ्ठी फेकू नका.

---

उंबरठा | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

काका, आमच्याकडे झोपेची तपासणी केलेलीच नाही अजून. आजच विचारते. खूप आभार.

---

काजवा | ७ नोव्हेंबर, रात्री ९:००

शेवंतीताई, चार-पाच दिवस दिसला नाहीत. सगळं बरं आहे ना?

---

शेवंती | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४०

बरं आहे. सगळ्यांचं वाचत होते, लिहायची ताकद आज आली.

पथ्यकरताई, तुम्ही सांगितलेल्या तपासण्या सोमवारीच करायला लावल्या. हिमोग्लोबिन ८.२, बी १२ फार कमी, दोन महिने पाळी आलेली नव्हती आणि तिने आईलाही सांगितलं नव्हतं. उपचार सुरू झालेत, कॉलेज पंधरा दिवस बंद ठेवलंय.

काल शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून माहेरी गेले. कसं सांगायचं ते वाटेत एसटीत शंभरदा घोकलं आणि तिथे गेल्यावर एक वाक्य आठवेना. मग तिच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि पदर बाजूला करून पोट दाखवलं. पाच वण आहेत, एक नाभीच्या वर जरा मोठा, बाकीचे बोटाच्या पेराएवढे. खाली लोंबणारी कातडी आहे, तिच्या घडीत घामाचे चट्टे येतात म्हणून पावडर लावावी लागते. साडीत यातलं काहीच दिसत नाही. मग पिशवीतून रोजच्या गोळ्यांचा डबा काढला, प्रथिनांच्या पावडरीचा डबा काढला, मोबाईलमधला केस गेले होते तेव्हाचा फोटो दाखवला. चौथ्या महिन्यात भांगात नुसती कातडी दिसत होती, वर्षभर मी डोक्यावरून पदर घेत होते आणि लोक म्हणत होते, बाई बघा किती सोज्वळ झाल्या.

ती बराच वेळ वणांकडे बघत होती. एकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दुखतं?" म्हटलं, नाही आता. मग म्हणाली, "म्हणजे तुला भूक लागतच नाही?" मी म्हटलं, तेव्हा वर्षभर जवळजवळ लागत नव्हती, आता थोडी लागते. त्यावर ती इतकी रडली की वहिनी दार वाजवायला लागली. "मला वाटायचं मीच हावरट आहे," एवढंच म्हणत होती. पथ्यकरताई, तुम्ही लिहिलेलं अक्षर न अक्षर खरं होतं.

भावाला नंतर सांगितलं. चिडला. ऑपरेशनवरून नाही, ते तर त्याने ऐकून सोडून दिलं. "भूल देऊन तुझं पोट कापलं आणि तुझ्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं. तुझं काही झालं असतं तर मला फोन कुणाचा आला असता?" असं म्हणून बाहेर अंगणात जाऊन बसला. सोबती, मला तुमचं आठवलं. जेवायला आत आला, बोलला नाही, पण माझ्या ताटात अर्धीच भाकरी वाढ म्हणून वहिनीला सांगितलं.

शाळेत अजून सांगितलेलं नाही. ते भाषण ज्यांनी ऐकलं त्यांच्यातही कुणी असेल या मुलीसारखं. दोन तरुण शिक्षिका मला 'तुमचा डाएट चार्ट द्या' म्हणत असतात. त्यांना या आठवड्यात सांगणार आहे, चार्ट म्हणून हाच डबा पुढे ठेवणार.

नाशिककर काका, तुमचं 'आठ दिवस कुजबुज' घोकते आहे.

---

नाशिककर_७१ | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ताई, दहा धरा, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत बोलायला विषय कमी असतात. भाऊ अंगणातून आत आला ना, झालं.

---

तन्वी२८ | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१०

मी काल त्याला सांगितलं. तो म्हणाला तपासणीला दोघं जाऊ. गुरुवारची वेळ मिळाली आहे.

---

सह्यभटक्या | १० नोव्हेंबर, रात्री ८:२५

शेवंतीताई, तुमची भाची बरी झाली की आणि डॉक्टर हो म्हणाले की, तिला चालायला सोबत हवी असेल तर आमचा कोल्हापुरात गट आहे. दर रविवारी सकाळी रंकाळ्याभोवती चालतो, त्यात चार-पाच मुली तिच्याच वयाच्या आहेत. काट्यावर कुणी कुणाला उभं करत नाही. चालून झालं की सगळे मिळून पोटभर नाश्ता करतो.

---

शेवंती | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

दादा, तिला आत्ताच वाचून दाखवलं फोनवर. म्हणाली, नाश्त्याला काय असतं ते विचार.